टीप क्रमांक सहाशे सत्तेचाळीस

१

शेवटची प्रूफं न्यायला आठ वाजता यायचं ठरलं होतं, म्हणून मुद्रितशोधक आठला पाच मिनिटं कमी असताना कादंबरीकाराच्या दारात उभा राहिला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून त्याची मान पुढे झुकली होती, पण वेळ कधी चुकली नव्हती.

दार सताड उघडं होतं. आतल्या खोलीच्या उंबऱ्यात कादंबरीकाराची धाकटी बहीण उभी होती. पायात फिरायला जायचे बूट, हातात घराची किल्ली. तिने मागे वळून पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अण्णा, आत येऊ नका."

पण त्याने पाहिलं होतं.

कादंबरीकार खुर्चीतून अर्धा खाली घसरला होता. डोक्याची उजवी बाजू राहिलीच नव्हती. रक्त टेबलावरून ओघळत फरशीवर जमलं होतं, भिंतीवर छतापर्यंत शिंतोडे होते आणि प्रूफांच्या गठ्ठ्याचे काठ लाल होऊन एकमेकांना चिकटले होते. टेबलाखाली संत्र्याएवढा तोफेचा लोखंडी गोळा पडला होता. त्याला केस चिकटले होते.

तो गोळा याच घरातला. कादंबरी चारशे वर्षांची, एकाच नदीकाठच्या गावाची: वेढा, महामारी, कालवा, गिरणी आणि आजचा काळ असे तिचे पाच भाग. प्रत्येक काळातली एक तरी वस्तू कादंबरीकाराने फळीवर मांडून ठेवली होती. हातात धरल्याशिवाय मला वाक्य लिहिता येत नाही, असं तो म्हणायचा. वेढ्याचा गोळा आज दुसऱ्याच कुणीतरी हातात धरला होता.

तरी सवयीने मुद्रितशोधकाचे डोळे गठ्ठ्याकडे गेले. पानांचे आकडे वरूनच दिसत होते. एका जागी गठ्ठा उसकटलेला होता.

"ताई," तो म्हणाला, "एक पान गेलंय."

२

तपासाला आलेल्या निरीक्षक बाईंना खात्यात पाठीमागे 'कात्री' म्हणत. समोरचा लांबण लावू लागला की त्या मधेच तोडायच्या.

"कुठलं पान?"

"टिपांचं. कादंबरीच्या शेवटी अकराशे टिपा आहेत, त्यांच्याकडे कामाला असलेल्या मुलीने गोळा केलेल्या. कुठल्या काळात दिव्यात कुठलं तेल जळायचं, विणकर कोणती गाणी म्हणायचे, किल्ल्याचं दार कसं लावायचे, असं सगळं. पहिल्या सहाशे टिपांची प्रूफं त्यांनी परवाच तपासून दिली, ती छापूनही झाली. उरलेली आज न्यायची होती. त्यातलं सहाशे चाळीस ते सहाशे बावन्न हे पान नाहीये."

"त्यात काय होतं?"

"आधीचं प्रूफ माझ्याकडे आहे. पान गिरणीच्या आगीचं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी..."

"माहीत आहे. एक्केचाळीस माणसं जळाली. पहारेकऱ्याने बाहेरून कुलूप लावलं होतं."

"तेच त्या पानावर आहे. टीप सहाशे सत्तेचाळीस: 'दाराला बाहेरून कुलूप होतं. पाहा: चौकशी अहवाल.' त्या आगीत यांचे वडीलही गेले. हे बारा वर्षांचे होते, ताई सहाची."

"म्हणजे जगजाहीर गोष्ट. त्यासाठी कोण खून करेल?"

"छापील मजकूर जगजाहीर आहे. त्यांनी काल लाल शाईने समासात काय लिहिलं, ते कुणालाच माहीत नाही."

कात्रीबाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "अण्णा, तुम्ही आजचा दिवस माझ्याबरोबर राहा."

पहिला आला संपादक. धिप्पाड माणूस, पण बसल्या बसल्या घामाने निथळत होता. आदल्या दिवशी छापखान्यात त्याने कादंबरीकाराची कॉलर धरली होती. सगळ्यांनी पाहिलं होतं.

"शंभर पानं टिपा!" तो म्हणाला. "कोण वाचणार आहे? मी म्हटलं काढून टाक. तो म्हणाला, कादंबरी काढ, टिपा ठेव. मग माझं डोकं फिरलं."

"आज सकाळी कुठे होतात?"

तो कपाळावरचा घाम पुसू लागला. मग एकदम रडायला लागला. "इथेच. साडेसातला. माफी मागायला आलो होतो. दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. तो रागावला असेल म्हणून परत गेलो. तेव्हा तो आत... तसा होता का हो?"

ताई साडेसहाला फिरायला गेली ती पावणेआठला परतली. मधल्या सव्वा तासात कुणीतरी आलं होतं. आणि कादंबरीकाराने त्याला आपल्या हाताने दार उघडून दिलं होतं.

३

फिटरकाका रोज आठला या घरी चहाला यायचे. आजही आले, आणि दारातच मटकन खाली बसले. ताईने त्यांच्या गळ्यात पडून पहिल्यांदा हंबरडा फोडला.

आगीच्या वेळी ते गिरणीत वीस वर्षांचे फिटर होते. जळतं दार त्यांनीच फोडलं आणि अकरा माणसं ओढून बाहेर काढली. दोन्ही दंडांवर अजून भाजल्याच्या सुरकुत्या होत्या. या दोन पोरक्या भावंडांच्या शाळेच्या वह्या त्यांनी आणल्या, आजारपणं काढली. गावात त्यांना पाहून लोक उठून उभे राहत.

"आगीबद्दल त्यांनी तुम्हाला विचारलं असेलच," कात्रीबाई म्हणाल्या.

"शंभर वेळा. पुस्तकात मी आहे म्हणे. मी काही वाचलं नाही, बाई. आपलं काम पान्याचं."

"दार कसं फोडलंत?"

काकांनी डोळे मिटले. "आतून लोक धडका मारत होते. दार बाहेर उघडणारं, दोन पाखांचं. मी घण घेतला आणि बिजागऱ्यांवर घालत सुटलो. मनगटाएवढ्या बिजागऱ्या, एका पाखाला चार. दहा-बारा मिनिटं लागली. तेवढ्यात आतले आवाज एकेक करून बंद होत गेले." त्यांनी ओंजळीत तोंड लपवलं. "आणि त्या हरामखोर पहारेकऱ्याच्या खिशात किल्ली होती."

मुद्रितशोधक ऐकत होता. त्या बोलण्यात काहीतरी खटकलं, एखादी वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाल्यासारखं. पण कुठलं अक्षर, ते सापडेना.

पहारेकऱ्याचं पुढे काय झालं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी जमावाने त्याला घरातून ओढून काढलं आणि रस्त्यात दगडांनी ठेचलं. गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही.

तेवढ्यात शिपायाने आत येऊन कात्रीबाईंच्या हातात एक कागद दिला. त्यांनी वाचला आणि उठल्या.

"टिपा तयार करणारी ती मुलगी कुठे आहे? तिने नोकरीच्या अर्जात आजोळचं नाव खोटं लिहिलंय."

४

त्या मुलीला कादंबरीकार 'टीपकागद' म्हणायचा. एकदा वाचलेलं ती विसरत नसे. सत्तावीस वर्षांची होती आणि सहा वर्षं तिने अकराशे टिपा गोळा केल्या होत्या. बस स्टँडवर बॅगेसकट सापडली.

"पळून चालली होतीस?"

"आईकडे चालले होते. बातमी रेडिओवर लागायच्या आत तिला सांगायचं होतं."

"तुझी आई कोण?"

"पहारेकऱ्याची मुलगी." तिने नजर खाली घातली नाही. "माझ्या आईने आठव्या वर्षी खाटेखालून, उघड्या दारातून पाहिलं, तिच्या बापाच्या तोंडावर दगड कसे पडत होते ते. एक बाई ओळखीची होती, ती सुद्धा मारत होती. आई अजून मोठा आवाज झाला की खाटेखाली जाते."

"म्हणजे आजोबांना खुनी ठरवणारी टीप तुला स्वतःच्या हाताने लिहावी लागली."

"हो. कारण अहवालात तसं आहे. पुरावा नसताना मी वेगळं कसं लिहू? मी पुरावा शोधायलाच तर आले होते."

"सापडला?"

"नाही. संग्रहालयाच्या अडगळीतून गिरणीचे चाळीस फोटो आणले. सरांनी एकोणचाळीस परत दिले, एक ठेवून घेतला. दहा दिवस झाले. विचारलं तर म्हणाले, थांब, आधी मला एका माणसाशी बोलू दे."

"कशाचा फोटो?"

"दाराचा. अर्धं जळालेलं दार आणि दोन वाकलेल्या कड्या. दुसरं काही नव्हतं त्यात."

कादंबरीकाराच्या घराची झडती झाली होती. असा फोटो कुठेच मिळाला नव्हता. कात्रीबाईंनी मुलीला ठाण्यावर बसवून ठेवलं. बाहेर जमाव गोळा होऊ लागला होता. पहारेकऱ्याची नात, एवढीच बातमी फुटली होती. पहिला दगड ठाण्याच्या खिडकीवर आदळला आणि काचा मुलीच्या केसांत पडल्या. ती ओरडली नाही. फक्त खुर्ची सोडून टेबलाखाली जाऊन बसली.

कात्रीबाई बाहेर गेल्या. पायरीवर उभं राहून त्यांनी पिस्तूल काढलं आणि समोरच्यांपैकी एकेकाकडे बोट करत तोंडं मोजायला सुरुवात केली. तिसाव्या माणसापर्यंत रस्ता रिकामा झाला होता.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मुद्रितशोधक छापखान्यात बसून छापून झालेल्या भागाची लाल शाईने तपासलेली प्रूफं चाळत होता. जेवणाची सुट्टी होती, यंत्रं थांबली होती. कादंबरीकाराने हाताने केलेली शेवटची दुरुस्ती शोधावी, एवढंच त्याच्या मनात होतं. मेलेल्या मित्राचं अक्षर पाहावंसं वाटत होतं.

टीप एकशे बारा. वेढ्याच्या भागातली. फितुराने किल्ल्यातल्या शिबंदीला आतच कोंडलं, त्या प्रसंगावर. 'कुलूप नव्हे. दोन्ही कड्यांतून पहार आडवी घालून दार बाहेरून अडवण्याची रीत. आतून रेटा वाढला की पहार वाकते आणि मग निघत नाही.' आणि पुढे शेवटच्या तपासणीत लाल शाईने घातलेले तीन शब्द, जे त्याने स्वतः तपासून छपाईला सोडले होते: 'तुलना: टीप ६४७.'

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. जुन्या सहाशे सत्तेचाळीसमध्ये कुलूप होतं. कुलपाशी तुलना करायला काहीच नव्हतं. म्हणजे कादंबरीकाराने ती टीप बदलली होती. कुलूप खोडून पहार लिहिलं होतं. आणि फोटोत कड्या वाकलेल्या होत्या.

त्याने फोन उचलला. ठाण्याचा लागला नाही, म्हणून ताईला लावला.

"ताई, पान नेलं तरी खूण मागे राहिलीय! टीप एकशे बारा. निरीक्षक बाईंना निरोप द्या, मी छापखान्यातच आहे, एकटा."

"एकशे बारा?" ताई म्हणाली. "किल्ल्याच्या दाराची? पहारेची?"

तिच्या समोरच्या खुर्चीतल्या माणसाने कप खाली ठेवला.

६

"अण्णा, तो कागद दाखवा जरा."

मुद्रितशोधकाने वर पाहिलं. फिटरकाका बाइंडिंगच्या खोलीचं दार लावून घेत होते. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण खांदे अजून दारात मावत नव्हते. तेवढ्याने त्याला कालपासून खटकणारं अक्षर सापडलं. त्याने ते मनातच ठेवायला हवं होतं. पण चूक दिसली की बोलायची, ही आयुष्यभराची सवय.

"काका, तुम्ही फिटर," तो म्हणाला. "कुलूप असतं तर घणाच्या दोन घावांत उडालं असतं. तुम्ही आठ बिजागऱ्यांच्या मागे का लागलात?"

काकांनी त्याच्या मानगुटीला धरून उचललं आणि कटिंग मशीनवर आपटलं. त्याचे पुढचे दोन दात तुटून जिभेवर आले. मशीन जुनं, हाताने चालवायचं होतं. वरचा दांडा खाली ओढला की पातं उतरायचं. काकांनी त्याचा उजवा हात पात्याखाली ढकलला आणि मोकळा हात दांड्यावर ठेवला.

"कुठाय ते पान?"

"छापून झालंय." तोंडातून रक्त ओघळत होतं. "पाच हजार प्रती. मागच्या खोलीत गठ्ठे आहेत. किती फाडाल?"

"खोटं."

"मी खोटं कशाला... काका, मी तुमच्या पाया पडतो..."

काकांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. छतापर्यंत रचलेले गठ्ठे दिसत होते. त्यांचा चेहरा आधी विरघळला, मग दगडासारखा झाला. त्यांनी दांडा ओढला.

अनामिका आणि करंगळी बाजूच्या कागदाच्या कातरणांत पडल्या. मुद्रितशोधक किंचाळला, तो आवाज रस्त्यापर्यंत गेला. काकांनी पुन्हा दांडा वर केला, या वेळी मनगटासाठी. त्याच क्षणी दार कडाडून उघडलं. कात्रीबाईंनी हातात आली ती बाइंडिंगची लाकडी मोगरी उचलली आणि दांड्यावरच्या कोपरावर सगळ्या ताकदीने घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. काका गुडघ्यांवर बसले, तरी डाव्या हाताने पात्याकडे चाचपडत होते. दुसरा घाव खांद्यावर बसला.

"ताईंचा फोन आला," कात्रीबाई धापा टाकत म्हणाल्या. "काका चहा अर्धा टाकून उठले म्हणून."

७

काकांनी हल्ला कबूल केला. खून नाही. "मारायला मला कारण काय? पोटच्या पोरासारखा होता तो माझ्या."

तेव्हा कात्रीबाईंनी सगळ्यांना ठाण्यावर बोलावलं. मुद्रितशोधक हाताला बँडेज बांधून, बोबडं बोलत, पण खुर्ची ओढून समोर बसला.

"मला आधी तीन माणसांबद्दल सांगायचं आहे," तो म्हणाला. "संपादक, ही मुलगी आणि ताई. तिघांनाही पुस्तक कसं बनतं ते माहीत आहे. एका टिपेत दुसऱ्या टिपेचा आकडा असतो, त्यातून धागा लागतो, हे त्यांना झोपेतही कळतं. ताईंनी आकडा ऐकताच टीप ओळखली. यांच्यापैकी कुणाला सहाशे सत्तेचाळीस पुसायची असती, तर आधी तिचा उल्लेख आणखी कुठे आहे ते बघितलं असतं. या मुलीने तर ते पान जिवापाड जपलं असतं, कारण त्यात तिचे आजोबा सुटत होते. एक पान खिशात घातलं की गोष्ट मिटली, असं वाटणारा माणूस पुस्तक न वाचणारा. आणि तरी नेमकं तेच पान त्याने काढलं. म्हणजे कादंबरीकाराने ते त्याला स्वतः काढून दाखवलं होतं. आधी एका माणसाशी बोलू दे, असं ते म्हणाले होते. तो माणूस तुम्ही."

"कुलूप नव्हतंच," कात्रीबाई म्हणाल्या. "तुमच्या घरातल्या चुलीत फोटोचा कोपरा सापडलाय. अर्धी कडी दिसते त्यात. बोला."

काका आपल्या प्लास्टरकडे पाहत बोलू लागले.

"चौकात सभा होती. कामगार बाहेर पडले की संप होणार होता. मॅनेजर म्हणाला, पंधरा मिनिटं दार अडव, तुला कायम करतो. मी वीस वर्षांचा होतो. पहार घातली. सातव्या मिनिटाला आत कापसाने पेट घेतला. मी धावलो, बाई. देवाशपथ धावलो. पण आतून चाळीस-पन्नास माणसं रेटत होती. पहार वाकली, अडकली. म्हणून बिजागऱ्या तोडल्या. दार पडल्यावर पहार मी विहिरीत टाकली."

"आणि पहारेकरी?" हे टीपकागदने विचारलं. ती भिंतीला टेकून उभी होती.

"तो त्या वेळी जेवणाच्या सुट्टीत घरी गेला होता. लोक विचारत होते, दार कुणी लावलं. मी म्हणालो, किल्ली त्याच्याकडे असते."

"नंतर तुम्ही कुठे होतात? त्याला मारलं तेव्हा?"

काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं. कात्रीबाईंनी टेबलावर हात आपटला.

"पुढे होतो," ते म्हणाले. "तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला लागला. पहिला दगड मी मारला."

मुलगी भिंतीवरून सरकत खाली बसली. मुद्रितशोधकाने आपला धड हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"परवा सकाळी त्याने पान वाचून दाखवलं," काका म्हणाले. "म्हणाला, काका, मी तुमचं नाव घातलेलं नाही. तुम्ही स्वतः सांगा, मी तुमच्या शेजारी उभा राहीन. मी पाय धरले त्याचे. तो म्हणाला, त्या पहारेकऱ्याच्या घरच्यांचे पाय धरा. फळीवर तो गोळा होता. मग मला काही कळलं नाही. सहा वेळा मारला असं तुम्ही म्हणता. मला एकच आठवतो."

८

खटला उभा राहायच्या आत ताई तुरुंगात एकदाच भेटायला गेली. टीपकागद तिच्याबरोबर होती, पण बाहेरच्या बाकावर थांबली.

काका जाळीपलीकडे येऊन बसले. "ताई, तू येशील असं वाटलं नव्हतं."

"एकच विचारायचंय," ती म्हणाली. "माझे वडील आत कुठे होते? मागे, धुरात? की दाराशी?"

"नको विचारू."

"सांगा."

"दाराशी. सगळ्यांत पुढे." काकांनी जाळी धरली. "त्यांनीच मला कामाला लावलं होतं. त्यांना माहीत होतं मी बाहेर असतो. हाक मारत होते, अरे पोरा, आहेस का बाहेर?"

"आणि तुम्ही?"

"बिजागरी तोडत होतो."

"ओ दिलीत का?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. "ओ दिली असती तर सगळ्यांना कळलं असतं, आगीच्या आधीपासून मी दाराशीच होतो म्हणून."

ताई उठली. पदर सावरला. बाहेर आली आणि बाकावर बसली. पाणी मागून घेतलं, प्यायली. मग ऐकलेलं सगळं, हाकेसकट, सावकाश सांगितलं. टीपकागदने वही काढून शब्दन् शब्द उतरवून घेतला.

लिहून झाल्यावर तिने विचारलं, "ताई, हे छापायचं?"

"छाप," ताई म्हणाली. "आणि तुझ्या आजोबांचं आधी. माझ्या वडिलांचं त्याच्या खाली."